सील तोडलेल्या भेटी

ताकसांडे काकांनी दिलेली भेट नेहमी आधीच उघडलेली असते. वरचा रंगीत कागद कोरा करकरीत, रिबीन नवी. पण कागद काढला की आतल्या खोक्याची चिकटपट्टी ब्लेडने कापून पुन्हा लावलेली. खोक्यात काय असणार हे आमच्या कॉलनीत बोलायला लागलेल्या प्रत्येक मुलाला माहीत आहे. रिमोटवर चालणारी, सुट्या ठोकळ्यांची गाडी. ठोकळ्यावर ठोकळा दाबून बसवायचा, मोटार जोडायची, चाकं लावायची आणि मग पळवायची. कधी जेसीबी, कधी क्रेन, कधी ट्रॅक्टर. दुसरी कुठली भेट त्यांनी कुणाला दिल्याचं ऐकिवात नाही.

मी मूळची साताऱ्याकडची. कनिष्ठ महाविद्यालयात भूगोल शिकवते. बदली होऊन वर्ध्याला आले त्याला दीड वर्ष झालं. सामानाचा टेम्पो दारात उभा होता, गाद्या उतरत होत्या, आणि समोरच्या फाटकावर हात टेकून एक उंच, काटकुळे गृहस्थ आमच्या सईकडे निरखून पाहत होते. त्यांचं मला उद्देशून पहिलं वाक्य असं : "मॅडम, पोरीचा वाढदिवस कधी असते?"

नाव नाही, गाव नाही. मी गोंधळून तारीख सांगितली. त्यांनी खिशातून छोटी डायरी काढून लिहून घेतली, "बरं. राहा मजेनं," म्हणाले आणि आत गेले.

मग कळलं की हे भूमापन खात्यातून निवृत्त झालेले. तीस-बत्तीस वर्षं साखळी आणि नकाशा घेऊन जिल्ह्यातली शेतं मोजत हिंडलेले. अजूनही चालतात ते मोजत असल्यासारखे. त्यांना किराणा दुकान विचारलं तर म्हणाले, "दोनशे दहा पावलं. माह्या पायानं. तुमची तीनशे होईन." मी गुपचूप मोजली. दोनशे अठ्ठ्याण्णव भरली.

त्यांच्या खोक्यात काय काय असतं ते मी पहिल्यांदा शेजारच्या झाडे वहिनींकडे पाहिलं. त्यांच्या मोठ्या मुलाला जेसीबी मिळाला होता. सगळे ठोकळे लहान लहान पिशव्यांत वेगळे बांधलेले, पिशव्यांवर 'पायरी १ ते ६', 'पायरी ७ ते १५' अशा चिठ्ठ्या. कंपनीचं इंग्रजी पुस्तक बाजूला आणि वर एक कागद, ठसठशीत सरकारी अक्षरात : 'एकूण नग ३८६. मोजले. बरोबर.' खाली सही. कोपऱ्यात बाण काढून 'उ'.

"काका, खेळण्याला उत्तर दिशा कशाला?" मी नंतर विचारलं.

"कागद आहे म्हटल्यावर उत्तर लागतेच, मॅडम." त्यांनी माझ्याकडे जरा काळजीने पाहिलं. "तुमी भूगोल शिकवता ना?"

झाडे वहिनींना पुढे दुसरा मुलगा झाला. बारशाला सगळ्यांनी झबली-टोपडी आणली, काकांनी रिमोटची क्रेन आणली. झाडे भाऊजी म्हणाले, "काका, पोट्टं बारा दिवसाचं आहे."

"मंग? ते प्लास्टिक आहे, नासत नाई. होऊ द्या मोठं." पाळण्यापाशी क्रेन ठेवून ते लगेच विचारते झाले, "तुमच्या भावाच्या पोरीचा कधी असते?"

हा त्यांचा कायमचा उद्योग. एकदा परीक्षेच्या कामासाठी समुद्रपूरला जाताना मी जाम गावच्या फाट्यावर बस बदलायला उतरले, तर चहाच्या टपरीवर काका! हातात कप, समोर टपरीवाल्याची सात-आठ वर्षांची मुलगी, आणि चौकशी चाललेली.

"वाढदिवस?" टपरीवाला हसत होता. "मास्तरनं दाखल्यावर एक जून टाकली, काका. खरा मले बी नाई मालूम."

"एक जून. चालते," काका म्हणाले आणि लिहून घेतलं.

टपरीवाला विसरून गेला. काका विसरले नाहीत. एक जूनला, वर्ध्याच्या त्या उन्हात, डोक्याला दुपट्टा गुंडाळून ते एसटीने जामला गेले आणि पोरीच्या हातात डंपर ठेवून आले. दुसऱ्या दिवशी परत गेले. कशाला, तर मुलीला तो आवडला का ते विचारायला. हे मात्र कुणालाच कळत नसे. भेट दिली की माणूस मोकळा होतो, काका नाही. दोन दिवसांनी ते येणार, फाटकाबाहेर उभे राहणार आणि बारीकसारीक विचारणार. सगळ्यात आधी काय केलं? हसलं का? कोणाले दाखवलं? आणि उत्तरं मनात घोळवत घरी जाणार.

कॉलनीचे तर्क तयार होते. काकांची मुलगी अमरावतीला, तिची मुलं कॉलेजात. लहान पोर घरात नाही म्हणून हे वेड, असं एक मत. दुसरं मत झाडे भाऊजींचं : म्हाताऱ्याला स्वतःलाच खेळायचं असतं, खेळून झालं की वाटून टाकतो. काकांना कुणीतरी तोंडावर विचारलं, "सील काऊन तोडता, काका?" तर ते म्हणाले, "तपासल्याबिगर माल देऊ का?" घरात काकू होत्या, "बऱ्या नसतात" एवढंच ऐकलं होतं. त्या बाहेर येत नसत आणि काका कुणाला फाटकाच्या आत बोलवत नसत. दीड वर्षात मी त्यांचा चेहराही पाहिला नव्हता.

यंदा सई नऊ वर्षांची झाली. तिला हिरवा ट्रॅक्टर मिळाला. दोन संध्याकाळी खपून तिने तो जोडला, आणि पुढचं डावं चाक काही केल्या बसेना. एक काळी पिन कमी होती. कागदावर 'एकूण नग ४१२. मोजले. बरोबर.' सईने तीनदा मोजले. चारशे अकरा.

"जाऊ दे गं, तारेचा तुकडा लावू," मी म्हटलं.

"आई, त्यांनी सही केलीय!"

रविवारी सकाळी कागद घेऊन ती निघाली. मी तिच्या मागे. फाटक नुसतं लोटलेलं होतं, घराचं दारही उघडं. सईने हाक मारायला तोंड उघडलं आणि ती तशीच थांबली.

पुढच्या खोलीत दिवाणावर काकू बसल्या होत्या. पांढरे केस मागे बांधलेले, डावा हात मांडीवर मुद्दाम ठेवून दिलेला. समोर स्टुलावर मोठी परात आणि परातीत ठोकळे. उजव्या हाताची बोटं एका लाल ठोकळ्याला धरू पाहत होती. धरत होती, सुटत होती. समोर खुर्चीत काका, मांडीवर ते इंग्रजी पुस्तक उघडं. आणि दोन्ही हात त्यांनी स्वतःच्या मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"पायरी सतरा," काका म्हणाले. "लाल. चार दाण्यांचा."

"दिसते मले."

ठोकळा परातीत पडला. काका हलले नाहीत. पुन्हा पडला.

"जरा हात चालव, शालिनी. गुरुवारी त्या पोट्ट्याचा वाढदिवस आहे."

"तुमी गप बसा बरं! घाईनं काम बिघडते."

बोटं पुन्हा परातीत उतरली, पुन्हा, पुन्हा. शेवटी टक् असा आवाज झाला. ठोकळा बसला. काकांनी पान उलटण्यापुरता एक हात बाहेर काढला आणि पान उलटताना त्यांना आम्ही दिसलो.

ते लगबगीने ओसरीत आले. रागावतील असं मला वाटलं. ते फक्त हळू आवाजात बोलू लागले.

तीन वर्षांपूर्वी काकूंना लकवा मारला. उजवी बाजू गेली. पाय सुधारला, हात राहिला. काकू गिरडकडच्या खेड्यांतून नर्स होत्या. पायी, सायकलवर हिंडून लेकरांना सुया टोचलेल्या. "त्याच हातानं," काका म्हणाले. "व्यायामवाल्या डॉक्टरनं रबरी चेंडू दिला, दाबत राहा म्हणे. हिनं फेकून देल्ला. मणी ओवा म्हणे, तेबी फेकले. मी काय लहान लेकरू आहो का, म्हणे. दिवसभर भिंतीकडं तोंड करून पडून राहे."

एकदा त्यांनी बहिणीच्या नातवासाठी असली गाडी आणली. दिवाणावर बसून खोका उघडून पाहत होते, ठोकळा उलटा दाबत होते. काकू म्हणाल्या, आणा इकडं, मोडान तुमी. संध्याकाळपर्यंत त्यांनी अकरा ठोकळे बसवले.

"सोतासाठी ती काई करत नाई, मॅडम. पन लेकराचं काम आहे म्हटलं का करते. मंग मी म्हटलं, दुसरा बी एक वाढदिवस आहे. मंग तिसरा."

"पण काका, खरंच एवढे वाढदिवस शोधायची काय गरज? घरातल्या घरात पुन्हा पुन्हा..."

"ती विचारते ना! आवडलं का लेकराले, काय म्हणे, हसलं का. मी खोटं बोललो का तिले लगेच समजते. तिथं खरंच लेकरू लागते."

एवढ्यात लक्षात आलं की सई माझ्याजवळ नाही. ती आत पोचली होती.

"आजी, माझ्या ट्रॅक्टरची एक पिन कमी आहे," ती सांगत होती.

काकूंचा चेहरा उतरला. त्यांनी उजवा हात पदराखाली घेतला. "माह्या हातून सांडली असन, बाई. बोटात राहत नाई माह्या."

"नाई नाई!" काका दारातूनच जवळजवळ ओरडले. "मोजणी माही होती. मीच चुकलो. चारशे अकराच होते, मी बारा लिहिले."

एका बांधावरून दोन भाऊ कोर्टात गेले तरी आपला आकडा न बदललेला हा माणूस. काकूंनी त्यांच्याकडे पाहिलं. खोटं त्यांना समजतं, हे काका आत्ताच सांगत होते.

"हो का," त्या म्हणाल्या. एवढंच. पण पदराखालचा हात बाहेर आला.

पिन दिवाणाखालच्या सतरंजीच्या घडीत सापडली. सईने गुडघ्यांवर रांगून काढली. काकूंनी विचारलं, "मंग आता चालन का तो?"

"तुम्ही चालवलेला नाही?" सईने विचारलं.

"मी जोडते. चालवून हे पाहतात. मंग आमी दोघं मोडून पिशव्यांत भरतो." त्या सहज म्हणाल्या. "ते रिमोटचं बटन कडक राहते."

सई धावत घरी जाऊन ट्रॅक्टर घेऊन आली. चाक बसवलं, ट्रॅक्टर जमिनीवर ठेवला आणि कुणाला न विचारता रिमोट काकूंच्या उजव्या हातात दिला. काका पुढे झाले, मग थांबले.

काकूंनी अंगठा बटणावर ठेवला. अंगठा घसरला. पुन्हा ठेवला. त्यांच्या कपाळावर घाम आला. सई ट्रॅक्टरजवळ उकिडवी बसून फक्त पाहत होती. मुलांना अशा वेळी मदत करायची घाई नसते.

ट्रॅक्टर एकदम निघाला. खोली ओलांडून, उंबरठा नसलेल्या दारातून सरळ स्वयंपाकघरात. पाठोपाठ भांडी पडल्याचा मोठा आवाज.

"मी पाहतो," म्हणून काका आत गेले आणि बराच वेळ आलेच नाहीत. काही फुटलं-बिटलं की काय म्हणून मी डोकावले. पडलेले पेले जमिनीवर तसेच होते. काका त्यांच्या मधोमध उभे होते, आमच्याकडे पाठ करून, खांद्यावरच्या दुपट्ट्यात तोंड धरून. पायाशी ट्रॅक्टर भिंतीला धडका देत घरघरत होता.

मी मागे सरले. बाहेर सई काकूंना दुसरं बटण दाखवत होती. काकूंनी मान वर करून आवाज दिला, बाळंतिणीच्या खोलीतून नर्सने बाहेरच्यांना द्यावा तसा :

"अहो, उभे काऊन आहा तिथं? सरका बाजूले. मी मागं घेऊन राह्यली त्याले."