दोनशे पंधरा किलो

"अहो, पण ह्याला वजन किती चालतं?" हँगरमध्ये पाऊल टाकल्या टाकल्या बाईंनी विचारलं.

डॉक्टर हसले. विमान विकायला आणलेला दलाल तर मान मागे टाकून हसला.

"बाईसाहेब, जेट आहे हे! दोन खुर्च्या पुढे, चार मागे. वजनाचं काय घेऊन बसलात?"

"खुर्च्या मला दिसताहेत. वजन सांगा."

"आमच्या हिचं मनावर घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. "एकतीस वर्षं पोस्टात पार्सलच्या खिडकीवर होती."

खरंच होती. अख्खं गाव त्यांना अजून 'पोस्टातल्या बाई' म्हणे. तारखेचा शिक्का मारता मारता बाईंनी एकच वाक्य हजारो माणसांना ऐकवलं होतं, "एवढं वजन विमानाने जाणार नाही. साध्या टपालाने पाठवा." आणि आता नवऱ्याने विमानच आणलं होतं, तर ह्या प्रश्नावर लोक हसत होते.

डॉक्टर दातांचे. लग्नाच्या वर्षी त्यांनी जुनी स्कूटर आणली, ती बाईंनी जितकी ढकलली तितके ते तिच्यावर बसले नाहीत. मग जुनी मोटार आली, तिचं डावं दार फक्त बाहेरून उघडे. तीन वर्षं बाई वाटेतल्या परक्या माणसांना हाका मारून खाली उतरल्या. चाळिशीत डॉक्टरांनी छोट्या विमानाचा परवाना काढला, आणि आता सदुसष्टाव्या वर्षी दवाखान्याची इमारत विकून हे दोन इंजिनांचं जुनं जेट. प्रत्येक वस्तू त्यांनी स्वतः पारखलेली. ह्याही वेळी दात तपासायचा छोटा आरसा आणि टॉर्च घेऊन ते इंजिनाच्या तोंडात दीड तास डोकावले होते.

"एकही पातं किडलेलं नाही," बाहेर येऊन त्यांनी जाहीर केलं. ते मात्र अगदी खरं निघालं.

विमान घ्यायला निमित्त होतं ताई. बाईंची थोरली बहीण, वय एक्क्याऐंशी, रस्त्याने चौदा तासांवर. तिचे डोळे हळूहळू जात चालले होते. "तुझं तोंड मला नीट दिसतंय तोवर ये गं," ती फोनवर म्हणाली होती. "आणि आईचं शिलाई मशीन आण. एकदा त्यावर हात फिरवायचाय." बाईंचे गुडघे चौदा तास बसू देत नव्हते, तरी त्या मधे एक मुक्काम करून जायला निघाल्या होत्या. पण तिकिटाचं नाव काढलं की डॉक्टर दुखावत.

"तिकीट? घरचं विमान असताना तिकीट? सव्वा तासात ताईंच्या अंगणात उतरवतो तुला."

त्याला दोन महिने झाले.

आधी विमा कंपनीने पत्र पाठवलं. जेटवर नवखा असलेला मालक पहिले शंभर तास एकटा उडणार नाही. शेजारी अनुभवी कॅप्टन हवा. कॅप्टन आले. दारातून आधी त्यांचं पोट आत आलं, मग ते. माणूस शांत होता. चहा घेतला आणि विमानाची वही उघडली.

"टाक्या भरल्यावर एकशे ऐंशी किलो उरतात," ते म्हणाले.

"एका माणसाला?" डॉक्टरांनी विचारलं.

"सगळ्यांना मिळून."

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं.

"मग टाक्या अर्ध्याच भरू!"

"ताईंच्या गावच्या धावपट्टीवर इंधन मिळत नाही. येण्याजाण्याचं इथूनच न्यावं लागणार."

"वाटेत थांबू."

"वाटेतली धावपट्टी आखूड आहे. उतरू एक वेळ, पण पुन्हा उडणार नाही."

मग आधीच्या मालकाने हौसेने बसवलेलं लाकडी कपाट काढलं, गालिचा उचकटला, मागच्या दोन खुर्च्या सोडवल्या. ह्या सगळ्यात तीन आठवडे गेले आणि पस्तीस किलो मिळाले, म्हणजे एकूण दोनशे पंधरा. फोनवर ताई म्हणाली, "परवा दूध पातेल्याऐवजी शेजारी ओतलं बघ," आणि हसली. बाईंना हसू आलं नाही.

फोन ठेवून त्या उठल्या आणि कोठीच्या खोलीतला काटा ओढत बाहेर, डॉक्टर आणि कॅप्टन बसले होते तिथे, घेऊन आल्या. आयुष्यात त्यांनी एकच जुनी वस्तू विकत घेतली होती, पोस्टाने मोडीत काढलेला स्वतःच्याच खिडकीवरचा काटा.

"चढा," त्या डॉक्टरांना म्हणाल्या.

"माझं ऐंशी आहे. माहितीये मला."

"चढा म्हणते ना."

काटा एक्क्याण्णववर थांबला.

"जुना झालाय काटा," डॉक्टर पुटपुटले.

"जुना झालाय, खोटा नाही. कॅप्टन, तुम्ही या. बूट राहू द्या, विमानात काय अनवाणी बसणार आहात?"

कॅप्टन एकशे सहा. बाई स्वतः बासष्ट. मशीन सोळा, कपड्यांची पिशवी नऊ. बाईंनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर आकडे मांडले.

"तुम्ही दोघं बसलात की माझ्या वाट्याला अठरा किलो. म्हणजे माझा एक पाय ताईला भेटून येईल."

"अगं, मी वजन उतरवतो! महिनाभर रात्रीचं जेवण बंद."

"एकोणसत्तर किलो? महिन्यात?" बाईंनी पेन्सिल पुन्हा टेकवली, आणि मग तिथेच थांबल्या. पार्सलच्या खिडकीवर गठ्ठा जड झाला की त्या आधी हेच विचारत, ह्यातलं काय नाही गेलं तरी चालेल?

"कॅप्टन, हे विमान तुम्हाला एकट्याला उडवता येतं?"

"गेली अकरा वर्षं तेच करतोय."

"आणि ह्यांना?"

"अजून नाही," कॅप्टन डॉक्टरांकडे बघत हळूच म्हणाले, "म्हणजे, माझ्याशिवाय नाही."

बाईंनी एक्क्याण्णववर सरळ रेघ मारली.

"ए! विमान माझं आहे!" डॉक्टर ओरडले.

"तुमचंच आहे हो. कोण नाही म्हणतंय?"

"मग दुसऱ्या फेरीत मला न्या."

"दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी आहे," कॅप्टन म्हणाले.

बुधवारी सकाळी डॉक्टरांनी स्वतः शिलाई मशीन उचलून विमानात नेलं आणि पट्ट्याने घट्ट बांधलं. बाईंचाही पट्टा दोनदा ओढून पाहिला. "कानात दडे बसले तर आवंढा गिळ," असं तीनदा सांगितलं. विमान दिसेनासं होईपर्यंत ते मान वर करून उभे होते. मग स्वतःची पिशवी उचलून बसच्या थांब्याकडे चालू लागले.

सव्वा तासाने ताईने दार उघडलं. बहिणीचा चेहरा दोन्ही हातांत धरून तिने उजेडाकडे वळवला आणि बराच वेळ बघत राहिली.

"किती पांढरी झालीस गं."

"दिसतंय ना सगळं?"

"दिसतंय. हनुवटीवरचा व्रणसुद्धा." मग मागे वाकून तिने अंगणात नजर टाकली. "आणि डॉक्टर कुठायत? त्यांचंच ना विमान?"

बाईंनी मशीन उंबऱ्याच्या आत टेकवलं आणि पदराने कपाळ पुसलं.

"वजन जास्त भरलं," त्या म्हणाल्या. "साध्या टपालाने पाठवलंय. उद्या सकाळी पोचतील."