तक्रार नोंदवून घेतली आहे

गुरुवारी संध्याकाळी दारावरची बेल वाजली तेव्हा वीजवाले पायावर पाय टाकून पेपर वाचत होते. बायको स्वयंपाकघरात होती. एरवी बेल वाजली की ते पेपर जरा आणखी वर धरत. पेपरामागच्या माणसाला बेल ऐकू येत नाही, अशी त्यांची समजूत होती. त्या दिवशी मात्र काय बुद्धी सुचली कोण जाणे, ते स्वतः उठले आणि त्यांनी दार उघडलं. पुढचे दहा दिवस त्या घरात जे काही झालं, ते एवढ्या एका गोष्टीमुळे.

दारात कॉलनीच्या पर्यावरण समितीच्या अध्यक्षबाई उभ्या होत्या. मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्यापासून बाईंनी अख्खी कॉलनीच वर्गात बसवली होती. कधी बियाण्यांची देवघेव, कधी एक दिवस गाडीविना, कधी एका बादलीत आंघोळ कशी करावी यावर व्याख्यान (प्रात्यक्षिक सुदैवाने रद्द झालं). दर महिन्याला काहीतरी असायचं आणि लोक झाडून यायचे, कारण जो येत नसे त्याच्या घरी बाई जात.

"या रविवारी दुरुस्ती मेळावा," बाई म्हणाल्या. "जुनं टाकू नका, दुरुस्त करा. कपड्यांना शिंपीणबाई आहेत, सायकलींना आपले निवृत्त पोस्टमन, खुर्च्यांना सुतार. विजेच्या वस्तूंना तेवढा माणूस नाही. बाजारातल्या दुरुस्तीवाल्याला विचारलं, तर म्हणतो, तुम्ही सगळ्यांना फुकट दुरुस्त करून द्या, मी दुकानात बसून माश्या मारतो. तुम्ही विजेच्या ऑफिसात आहात ना?"

आता, वीजवाले विजेच्या ऑफिसात होते हे खरं. बावीस वर्षं होते. म्हणूनच कॉलनीत त्यांना हे नाव पडलं होतं. पण ते होते तक्रार खिडकीवर. लोक येऊन सांगत, ते लिहून घेत, शिक्का मारत आणि पोचपावती देत. विजेशी त्यांचा थेट संबंध डोक्यावरच्या पंख्यापुरता, आणि तोही शिपाई लावत असे. हे सगळं ते बाईंना सांगणारच होते, तेवढ्यात आतून बायकोचा आवाज आला.

"कुणाला विचारताय बाई? अहो, यांना टॉर्चमध्ये सेल घालता येत नाहीत."

"येतात," वीजवाले म्हणाले.

"काय येतं?"

"सगळं येतं. बाई, माझं नाव लिहा."

बाईंनी लगेच लिहिलं. बाई कागद-पेन हातातच घेऊन फिरत.

शुक्रवार आणि शनिवार वीजवाल्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघण्यात घालवले. प्रत्येक व्हिडिओतला माणूस सुरुवातीलाच "आता हे उघडून घ्या" म्हणे आणि पुढच्या क्षणी ते उघडलेलं असे. मधलं कुणी दाखवत नव्हतं. तरी त्यांनी नवा स्क्रू ड्रायव्हर आणला, टेस्टर पेनासारखा खिशाला लावला, आणि रविवारी सकाळी निघताना सवयीने एक लांबलचक नोंदवही काखेत मारली.

मेळावा वाचनालयाच्या हॉलमध्ये होता. वीजवाल्यांच्या टेबलावर पुठ्ठ्याची पाटी होती, 'विजेची उपकरणे – तज्ज्ञ'. ती पाटी त्यांनी दोनदा पालथी घातली आणि बाईंनी दोनदा उभी केली.

पहिले आले कोपऱ्यावरचे औषधवाले. त्यांनी एक टेबलफॅन समोर ठेवला. वीजवाल्यांनी फॅनकडे बघितलं. फॅननेही त्यांच्याकडे बघितलं असावं. मग तोंडातून बावीस वर्षांच्या सरावाने शब्द बाहेर पडले.

"काय तक्रार आहे?"

"फिरत नाही नीट."

"कधीपासून?"

"दीड वर्ष झालं असेल."

वीजवाल्यांनी वही उघडून लिहिलं. "आवाज येतो का?"

"येतो ना."

"कसा?"

औषधवाले संकोचले. आजूबाजूला बघून त्यांनी हळूच करून दाखवलं, "घर्रर्र... टक. घर्रर्र... टक टक."

"टक एकदा की दोनदा?"

"आधी एकदा, मग दोनदा. फार उकडत असलं तर तीनदा."

हेही वहीत गेलं. औषधवाल्यांचा चेहरा उजळला. घरी ते हेच सांगायला लागले की त्यांची बायको टीव्हीचा आवाज वाढवत असे. वीजवाल्यांनी कागदाच्या चिठ्ठीवर क्रमांक एक घातला, खाली सही ठोकली आणि म्हणाले, "तक्रार नोंदवून घेतली आहे. पुढच्या रविवारी या."

औषधवाले इतके खूश होऊन गेले, की बाहेर जाऊन त्यांनी आणखी चौघांना पाठवलं. थोड्या वेळाने वीजवाल्यांच्या टेबलासमोर अशी रांग लागली, की शिंपीणबाई आणि पोस्टमन आपापलं काम सोडून बघायला आले. एक सूनबाई टोस्टर घेऊन आल्या. त्यांचा टोस्टर पाव उडवत होता, एकदा तर थेट सासूबाईंच्या मांडीवर.

"मुद्दाम उडवतो असं वाटतं का?" वीजवाल्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"आधी वाटलं नव्हतं," सूनबाई म्हणाल्या, "पण आता तुम्ही म्हणताय तर."

शेवटी शेवटी एक बाई इस्त्री घेऊन आल्या. त्या सगळ्यांत जास्त बोलल्या. वीजवाल्यांनी मान वर न करता दीड पान भरलं. (ऑफिसातही ते असंच लिहीत. कानातलं सरळ हातात उतरायचं, वाटेत डोकं लागायचं नाही.) बोलून झाल्यावर त्यांनी पदराने डोळे टिपले. "इतकं कुणी आजवर ऐकून घेतलं नव्हतं हो," असं म्हणून, पोचपावती पर्समध्ये जपून ठेवून त्या गेल्या.

दुपारी हॉल रिकामा झाला तेव्हा टेबलामागे तेवीस वस्तू जमल्या होत्या आणि स्क्रू ड्रायव्हर अजून वेष्टनातच होता.

हातगाडीवरून सगळं घरी आलं. बायकोने दार उघडलं, गाडीकडे बघितलं, नवऱ्याकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाली, "यातलं कोण कुठे झोपणार, तेवढं सांगा."

चार मिक्सर कपाटावर गेले, टोस्टर पलंगाखाली, हीटर बाथरूममध्ये. रात्री कूस बदलली की उशाशी हेअर ड्रायर लागायचा. सोमवारी सकाळपासून फोन सुरू झाले. "आमच्या मिक्सरचं काय झालं?" लोक विचारत. वीजवाले सवयीने उत्तर देत, "काम प्रगतिपथावर आहे." शेजारी उभी असलेली बायको हे ऐके आणि पोळपाट जरा जोरात आपटे.

संध्याकाळी मात्र त्यांनी बाह्या सरसावल्या. एक एक वस्तू घेण्यात वेळ फार जाईल, म्हणून फॅन, टोस्टर आणि दोन मिक्सर एकदमच उघडले. सोय म्हणून सगळे स्क्रू एकाच वाटीत ठेवले. आत बघितलं. आत तारा होत्या. त्यांना हात लावून, फुंकर मारून, थोडी धूळ झटकून त्यांनी फॅन परत बंद केला. सात स्क्रू उरले. कंपनीवाले जास्तीचे देत असावेत, अशी त्यांनी मनाची समजूत घातली आणि बटण दाबलं.

पाती जागच्या जागी राहिली आणि पंखा पात्यांभोवती फिरू लागला.

फिरत फिरत तो टेबलावरून निघाला. वाटेत त्याने पेपर गिळला, वाटीला लाथ मारून स्क्रू खोलीभर उधळले, टेबलाच्या कडेशी क्षणभर थबकला आणि खाली उडी घेतली. धाडकन आवाज झाला आणि सगळ्या बिल्डिंगची वीज गेली.

अंधारात खालच्या मजल्यावरून कुणीतरी कुणाला तरी धीर देताना ऐकू आलं, "घाबरू नका, आपले वीजवाले घरीच आहेत."

वीजवाल्यांनी चाचपडत फोन शोधला आणि स्वतःच्याच ऑफिसात लावला. पलीकडे त्यांच्याच खिडकीवर संध्याकाळी बसणारा सहकारी होता. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तक्रार नोंदवून घेतली आहे."

"अरे, मी बोलतोय."

"हो, आवाज ओळखला ना. म्हणून तर लगेच नोंदवली."

दहा मिनिटांनी दिवे आले. मागोमाग हातात टॉर्च घेऊन अध्यक्षबाई आल्या. "खाली मेन स्विच पडला होता, मीच वर केला," त्या म्हणाल्या. "म्हटलं, तुम्ही कामात गढलेले असाल, एवढ्याशासाठी कशाला उठवा." जमिनीवर आडव्या पडलेल्या फॅनकडे त्यांनी कौतुकाने बघितलं आणि त्या पाय न वाजवता गेल्या.

वीजवाले पलंगावर दोन मिक्सरच्या मधे बसले. "उद्या बाईंना खरं काय ते सांगून टाकतो," ते म्हणाले. "म्हणावं, मला यातलं ओ की ठो कळत नाही."

"सांगा की," बायको गुडघ्यांवर बसून स्क्रू वेचत होती. "पण लोकांच्या वस्तूंचं काय? विश्वासाने दिल्यात त्यांनी. त्या औषधवाल्यांच्या आईंचा हीटर आहे, सकाळच्या गार पाण्याने त्यांचे गुडघे धरतात. तुमची लाज राहू द्या बाजूला. दुरुस्तीवाल्याकडे जा आणि त्याचे पाय धरा."

मंगळवारी अर्ध्या दिवसाची रजा टाकून वीजवाले दोन पोती आणि नोंदवही घेऊन बाजारात गेले. दुरुस्तीवाल्याचं दुकान म्हणजे तारांच्या जंजाळात मांडलेलं एक स्टूल. समोर तीन गिऱ्हाइकं उभी होती. वीजवाल्यांनी सगळं खरं खरं सांगितलं. दुरुस्तीवाल्याने मानही वर केली नाही.

"मेळाव्यातल्या वस्तू ना? मग तज्ज्ञांकडे न्या."

"तज्ज्ञ मीच आहे."

"मग कशाला आलात?"

वीजवाले पोती उचलायला वाकले, तशी वरच्या पोत्यातून इस्त्री घसरून स्टुलापाशी पडली. दुरुस्तीवाल्याने ती बघितली. उलटी करून बघितली. मग खालच्या आवाजात विचारलं, "ही कुणाची?"

"बघून सांगतो." वीजवाल्यांनी वही उघडली, चष्मा चढवला आणि खिडकीवर वाचत तशा खणखणीत आवाजात वाचायला सुरुवात केली. "क्रमांक बावीस. वस्तू, इस्त्री. तक्रार, तापत नाही. कालावधी, चार वर्षं. कारण, घरातला माणूस दिवसभर जगाच्या इस्त्र्या दुरुस्त करतो आणि घरच्या इस्त्रीचं नाव काढलं की त्याला झोप येते."

"हळू वाचा," दुरुस्तीवाला म्हणाला.

"लग्नात दिलेला शब्द होता, की घरात कुठली वस्तू बंद पडू देणार नाही. पैकी इस्त्री, घड्याळ, दारावरची बेल आणि संभाषण बंद आहे."

तिन्ही गिऱ्हाइकं सरकून जवळ आली. दुरुस्तीवाल्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "तेवढं पान फाडा," तो कुजबुजला. "पाहिजे तर पाया पडतो."

"नोंदवहीचं पान फाडता येत नाही," वीजवाले म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखाद्या गोष्टीची पक्की माहिती होती. "नियमात बसत नाही. 'निवारण झाले' असा शेरा तेवढा मारता येतो."

"मग मारा ना शेरा."

"निवारण झाल्यावर."

दुरुस्तीवाल्याने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि इस्त्री उघडली. आत एक तार सुटली होती. ती जोडून, बंद करून, त्याने इस्त्री तापवली आणि पालथा पंजा तिच्याजवळ धरून बसला. पाच मिनिटं लागली. "चार वर्षं," तो स्वतःशीच म्हणाला. मग त्याने इस्त्री पुसून बाजूला ठेवली.

"बाकीच्या काढा," शेवटी तो म्हणाला.

पुढचे चार दिवस वीजवाले ऑफिस सुटलं की दुकानात जाऊन बसत आणि एकेक नोंद वाचून दाखवत. 'सकाळी चालतो, दुपारी नाही', 'टक तीनदा', 'डावीकडे कलता ठेवला तर गुणगुणतो' असं ऐकलं, की दुरुस्तीवाला वस्तू उघडायच्या आधीच बिघाड सांगे. "एवढं कुणी विचारत नाही हो गिऱ्हाइकाला," तो एकदा म्हणाला. "मीही नाही." वीजवाल्यांनी ते वाक्य घरी जाऊन बायकोला ऐकवलं. दोनदा ऐकवलं.

रविवारी हॉलमध्ये तेवीसच्या तेवीस वस्तू टेबलावर चालू अवस्थेत मांडलेल्या होत्या. टाळ्या झाल्या. वीजवाले उभे राहिले आणि त्यांनी सांगून टाकलं, की यातला एकही स्क्रू आपण नीट बसवलेला नाही, सगळं काम दुरुस्तीवाल्याचं आहे.

"किती हा विनय," सूनबाई म्हणाल्या.

"विनय नाही हो, मला खरंच काही येत नाही."

"खरंच येत नाही," मागून आवाज आला. दारात दुरुस्तीवाला उभा होता, आणि शेजारी त्याची बायको, कडक इस्त्रीच्या साडीत. "फॅनमध्ये यांनी मिक्सरचे स्क्रू घातले होते. असं काम मी जन्मात बघितलं नाही."

मग कुठे लोकांचा विश्वास बसला. अध्यक्षबाई दुरुस्तीवाल्याकडे गेल्या. "चूक माझी झाली," त्या म्हणाल्या. "तुमचं पोट ज्यावर चालतं, ते मी फुकट मागितलं." तिथल्या तिथे नवा नियम झाला. यापुढे मेळाव्यात फक्त नोंद घ्यायची, काम दुकानात, रीतसर पैसे देऊन. दुरुस्तीवाल्याने एकच अट घातली. नोंद वीजवाल्यांनीच घ्यायची आणि त्यांच्या हाताला स्क्रू ड्रायव्हर लागू द्यायचा नाही. ती एकमताने मंजूर झाली.

लगेच रांग लागली. वीजवाले टेबलामागे बसले, वही उघडली, पेन झटकलं. इतकं ताठ ते वरच्या साहेबांसमोरही बसत नसत. "या," मान खाली घालूनच ते म्हणाले. "वस्तू कोणती?"

त्यांनी वर बघितलं. समोर खुर्ची ओढून त्यांची बायको बसली होती. हातात कुठलीच वस्तू नव्हती. तिने त्यांना डोक्यापासून खिशातल्या टेस्टरपर्यंत सावकाश न्याहाळलं.

"लिहा, सांगते," ती म्हणाली. "कोरं पान घ्या, या अर्ध्यावर मावायचं नाही."

वीजवाल्यांनी मुकाट्याने पान उलटलं. बायकोने पदर सावरला, मागे वळली आणि रांगेतल्या बायकांना म्हणाली, "तुम्ही सगळ्या बसून घ्या. मला वेळ लागेल."