रफीकभाईंची मुन्नी

रफीकभाई प्रोग्राम विकत नसत, पोरी सासरी धाडत. म्हणजे असं, की कॉम्प्युटरच्या पडद्यावरची एखादी चौकट, एखादं बटन ते स्वतः घडवायचे, त्याला पोरीचं नाव द्यायचे आणि मग तेच उचलून गिऱ्हाइकामागून गिऱ्हाइकाच्या प्रोग्राममध्ये बसवायचे. तारखेची चौकट शबाना, छपाईचं बटन नूरी. सगळ्यांत लाडकी मुन्नी, वजनाची चौकट. काट्यावरचा आकडा ती आपसूक उचलायची आणि कमी भरला की लालभडक व्हायची.

अमरावतीत आमची दुकानं शेजारी. मी विचारायचो, "मुन्नी कुठी हाये सध्या?"

"अकोल्याच्या आडतीत नांदून राहिली. आता मोर्शीलेबी दिली. एकदा घडवा, धा घरी नांदवा!"

"धा घरी? अन् इज्जतदार बाप म्हणवता?"

ते इतके हसायचे की तोंडातला सुपारी-तंबाखूचा खर्रा माझ्या शर्टावर. कापसाला भाव नव्हता, बाजारात चिटपाखरू नव्हतं, आणि हा बावा बटनाला कोणता हिरवा शोभेल म्हणून मला दुकानातून ओढून न्यायचा! घरी ते आणि भाभी, दोघंच. मूलबाळ नव्हतं.

मग माझी बायको बाळंत झाली. नर्सनं पोरीला काट्यावर ठेवलं आणि पडदा लालभडक. पावणेदोन किलो! माझी आई देवाचा धावा करू लागली. डॉक्टरीणबाई गुबगुबीत, कोकलणाऱ्या पोरीकडं बघतात, पडद्याकडं बघतात आणि म्हणतात, "काचेच्या पेटीत ठेवा." काट्यावरचा आकडा बघतो कोण? कॉम्प्युटर नवा कोरा होता ना!

मला मात्र तो लाल रंग ओळखीचा वाटला. फोन लावला. "रफीकभाई, मुन्नीले या दवाखान्यात दिली काय हो?"

"मागच्याच हप्त्यात! कशी हाये?"

"आधी या!"

बनियनवरच आले. दोन बटनं दाबली आणि कपाळावर हात मारला. "या अल्ला, बारदाना! आडतीत पोत्याचं वजन वजा करते ना ते. इथंबी करून राहिली!"

म्हणजे माझी पोरगी पोत्यासकट मोजली होती. दुरुस्ती झाली, पावणेतीन किलो आलं, आईला हसू आवरेना. डॉक्टरीणबाई मात्र भडकल्या. रफीकभाई हात जोडून म्हणाले, "माह्या पोरीले काई बोलू नका बाई, मले बोला."

मी माझी लेक त्यांच्या हातांत दिली. ते तिला न्याहाळत म्हणाले,

"हिले दुसरीकडं नाई बसवता येत, नाई?"

"नाही हो."

"बेस हाये. एकाच घरी राहू द्या."

असं म्हणाले खरे, पण परत द्यायला त्यांचे हात काही पुढं येईनात. आणि मलाही मागवेना.