चूलबंद आवतन, एका सेकंदात

आपल्या हुशारीबद्दल अनसिंगच्या दिनेशला शंका अशी कधी आलीच नव्हती. पुण्याच्या कंपनीचं काम तो घरी बसून करायचा, त्यामुळे गावाच्या लेखी तो बेकार होता. चुलतबहीण तनुजाच्या हळदीच्या जेवणाचं आवतन द्यायचं काम त्याने अंगावर घेतलं, ते गावाचं हे मत कायमचं मोडून काढायला.

"मोठेबाबा, दोनशे बारा घरं ना? एक बटन दाबलं का समद्यायच्या मोबाइलवर चूलबंद आवतन!"

चूलबंद म्हणजे घरची चूल बंद, सगळ्यांनी जेवायला यायचं. मोठेबाबा म्हणजे तनुजाचे वडील भगवंतराव; त्यांनी मोबाइल हातात घेतला. नुसती यादी उघडायलाच पाऊण मिनिट गेलं.

"इतक्यात मी अर्धी गल्ली पायी फिरून आलो असतो," ते म्हणाले.

हे दिनेशच्या जिव्हारी लागलं. हे ॲप त्याने स्वतःच बनवलं होतं, आणि गावाची माहिती साठवलेल्या डेटाबेसशी बोलायला त्यात ओआरएम नावाची तयार कोडची लायब्ररी ठेवली होती. ती आज्ञाधारक होती, पण डोकं चालवणारी नव्हती. घरांची यादी आणायला एक चक्कर, मग कोणत्या घरात कोण कोण हे विचारायला दर घरामागे पुन्हा एक. एकूण दोनशे तेरा चकरा! दिनेशने घरं आणि माणसं जोडून एकाच चकरेत मागवली. यादी पापणी लवायच्या आत उघडली. ती खालपर्यंत वाचावी असं मात्र त्याला वाटलं नाही. त्याने छाती फुगवून बटण दाबलं.

असं जोडून मागवलं की घरात जितकी माणसं, तितक्या वेळा ते घर यादीत येतं. ते टाळायला एक शब्द जास्तीचा लिहावा लागतो. तो लिहायचा राहिला होता. नऊ माणसांच्या आवडाबाईंच्या घरी नऊ आवतनं गेली.

आवडाबाई तरातरा आल्या. दिनेशने माफीची तयारी केली.

"नऊ डाव बलावलं पोरा! माह्या सख्ख्या भावानं बी मले कधी इतकं बलावलं नाई."

सगळं गावच खूश होतं. चूक कबूल करायचा विचार दिनेशने तिथेच सोडून दिला.

रुसला तो फक्त खेमा. घरात एकटाच, म्हणून त्याला एकच आवतन गेलं होतं. आणि खेमाने गोवऱ्यांवर भाजलेल्या कणकेच्या बट्ट्यांशिवाय गावात हळदीची पंगत उठत नसे!

"उद्या हजार मानूस जेवाले येऊन राह्यलं," भगवंतराव म्हणाले. "खेमाले मनव, नाईतं मले तोंड दाखवू नको."

खेमा ओट्यावर बसला होता. "आवडाबाईले नऊ, मले एक. काहून रे? आमी कामापुरतेच काय?"

"काका, खरं तं तुमचंच तेवढं बरोबर गेलं. तुमच्या घरात मानूसच एक..."

दोन वर्षांमागे त्या घरात दोन माणसं होती. दिनेशला स्वतःची लाज वाटली. त्याने तिथेच बसून हाताने, एकेक करत, बारा आवतनं पाठवली. बारा वेळा फोन वाजला. खेमाने दर वेळी आवतन पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

"येतो," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवात कणीक मळून तयार होती, गोवऱ्या पेटल्या होत्या. खेमा आला. धुतलेलं धोतर, नवी टोपी, कानात अत्तराचा बोळा. तो गोवऱ्यांकडे वळलाच नाही. सरळ पहिल्या पंगतीत जाऊन मांडी घालून बसला.

"काका, बट्ट्या?"

"वाढ ना."

"तुमी करनार होते ना!"

"बारा डाव बलावल्यावर कोनी सैपाक कराले येते काय? आज मी पाव्हना हाव."

भगवंतरावांनी दिनेशला गोवऱ्यांकडे बोट दाखवलं. दिनेशने मुकाट्याने बाह्या वर सारल्या आणि धुरात बसला. तासाभराने पहिली बट्टी त्याने स्वतःच खेमाच्या पत्रावळीवर नेऊन वाढली. खेमाने ती फोडली, आतलं कच्चं पीठ बोटाने बाजूला सारलं आणि शांतपणे मान वर केली.

"घाई केली तुनं."