वॉर्निंग वाचणाऱ्या ताई

दूध उतू गेल्यावर सगळेच ओरडतात. आमच्या ताई उतू जायच्या आधी ओरडतात. बाहेरच्या खोलीतून एकदम आवाज येतो, "वहिनी, वॉर्निंग!" मी धावत जाते, तर साय कडेनं नुसती हलायला लागलेली असते. पातेल्याचा आवाज बदलला, हे त्यांना तिथे बसून कळतं!

ताई म्हणजे माझ्या थोरल्या नणंद, शालूताई. लग्न केलं नाही, नानाखेड्याला आमच्याकडेच राहतात. शहरातल्या फ्रीगंज भागात एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात त्या सर्व्हर सांभाळतात. सर्व्हर म्हणजे एसीच्या खोलीत ठेवलेला मोठा कम्प्युटर. ऑफिसातले बाकीचे सहा कम्प्युटर त्याच्याच जिवावर चालतात. तो आला तेव्हा नारळ फोडून, कुंकू लावून आत घेतला होता. बाकीच्यांनी लांबूनच नमस्कार केला. ताई आत जाऊन बसल्या त्या बसल्याच.

हा सर्व्हर दिवसभर आपलं काय चाललंय ते लिहीत असतो. शेजारच्या प्रिंटरवर करकर ओळी छापतो: अमका आत आला, तमका बाहेर गेला, जागा कमी पडतेय. त्याला लॉग म्हणतात. ऑफिसवाले तो कागद रद्दीत टाकायचे, ताई घरी आणायला लागल्या. कडेला भोकं असलेला तो लांबच लांब कागद बैठकीपासून मोरीपर्यंत पसरायचा आणि त्यावर रांगत वाचायचा. पन्नाशीची बाई, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात लाल पेन्सिल. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कानातलं पडलं.

"एरर आला की सगळे धावतात, वहिनी," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "वॉर्निंगला कोण विचारतं? मशीन बिचारं सांगत असतं, अजून बंद पडलो नाही, पण कोणीतरी बघा हो माझ्याकडे."

वाचायची त्यांची रीत होती. आधी वेळ बघायची. मग बोलतंय कोण ते. मग हीच ओळ यापूर्वी कधी आली होती का. शेवटच्या ओळीवरून काही कळत नाही, पहिली शोधायची. हीच रीत त्या घरातही चालवायच्या. एकदा यांना शिंका यायला लागल्या.

"पहिली कधी आली?" ताईंनी विचारलं.

"ताई, शिंक आहे ती!"

"तेच विचारतेय. परवा पंख्याखाली झोपला होतास, तेव्हा आली होती की नाही?"

"आता माझापण लॉग काढ!" हे वैतागून म्हणाले. ताईंनी खरोखर पेन्सिल शोधली.

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पण ताईंबरोबर मीही कागदावर रांगायला लागले. शाळा चौथीत सुटली, इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात, आणि सारख्या दिसणाऱ्या दोन ओळी ओळखायला भाषा कशाला लागते? वॉर्निंग शब्दाचा तोंडवळा मला पाठ झाला. तो दिसला की मी त्यावर बोट ठेवायची, आणि ताई म्हणायच्या, "शाब्बास! आता वेळ सांगा."

मग एक दिवस सर्व्हर भर दुपारी बंद पडला. पंधरा दिवसांनी पुन्हा पडला. दोन्ही वेळा सगळ्यांचं काम अडलं. साहेबांनी ताईंना बोलावून विचारलं, "मैडम, आपसे कोई गलत बटन तो नहीं दब जाता?" आणि बजावलं, की आता पुन्हा झालं तर सर्व्हर दुसऱ्याला देऊ, तुम्ही मालाच्या चिठ्ठ्या फाडायच्या टेबलावर बसा.

त्या संध्याकाळी ताई जेवल्या नाहीत. "माझ्या हातून नाही दाबलं जात हो चुकीचं बटण, वहिनी," एवढंच म्हणाल्या. दोन महिन्यांचे कागद काढून पसरले. मीही भाजी तशीच टाकून खाली बसले.

दुपारी एकला रोज लाइट जाते. तेव्हा सर्व्हर बॅटरीवर जातो आणि तशी एक वॉर्निंग छापतो. ती रोजचीच, म्हणून कोणी बघत नसे. पण काही दिवशी तिच्याखाली आणखी एक होती. ताईंनी वाचून सांगितलं, "बॅटरीवर भार जास्त झालाय, म्हणतो." त्यांनी त्या तेवढ्या तारखा लाल केल्या; सर्व्हर बंद पडला ते दोन्ही दिवस त्यांतच होते. मी भिंतीवरचं कॅलेंडर उतरवून आणलं आणि एकेका तारखेवर बोट ठेवत गेले. माझं बोट एकाच उभ्या रांगेतून खाली सरकत होतं!

"ताई! सगळे सोमवार!"

ताई ताडकन उठून बसल्या. "काय वेगळं असतं सोमवारी? माणसं तीच, काम तेच..."

"तुमचा उपास असतो."

"मशीनला काय करायचंय माझ्या उपासाचं? एकला हात धुऊन येते, आपल्या जागेवर बसून गरम गरम खिचडी खाते, झालं."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. "गरम? ताई, मी डबा सकाळी नऊला भरते. एकला साबूदाण्याची खिचडी गोटा होते गोटा! गरम कशी?"

मशीनचं एवढं एवढं कुरकुरणं ऐकणारी ही बाई, पण दोन महिने तोंडात गरम घास जातोय, हे काही तिच्या ध्यानात आलं नव्हतं!

पुढच्या सोमवारी एक वाजता त्या जागेवरून उठून कपाटामागे उभ्या राहिल्या. लाइट गेली. ऑफिसचे म्हातारे चपराशी मांगीलालजी हळूच आत आले, टेबलावरचा डबा उचलला, कोपऱ्यात छोटा हीटर मांडला आणि त्याचा प्लग सर्व्हरमागच्या बॅटरीच्या सॉकेटमध्ये खोचला. लाइट गेल्यावर तेवढाच चालू असतो ना!

"मांगीलालजी, ये क्या?"

ते दचकले. मग ओशाळून म्हणाले, "ठंडा साबूदाना गले में अटकता है, बिटिया। अकेली बैठके खाती हो, कोई पूछनेवाला भी नहीं।"

ताईंनी प्लग काढला आणि तडक साहेबांकडे गेल्या. कारण सापडलं म्हणाल्या, आणि हीटर मीच लावत होते, असं सांगून टाकलं. म्हाताऱ्याला घरी बसवतील, ही भीती. साहेबांनी अर्धा तास झाडलं, लेखी मेमो दिला. पण कारण कळल्यामुळे सर्व्हर ताईंकडेच राहिला.

घरी येऊन हे सगळं सांगताना त्या खळखळून हसत होत्या. मीही हसत होते. मग एकदम थांबल्या. समोरच्या कागदावरच्या लाल खुणांवरून त्यांनी बोट फिरवलं, एक, दोन, तीन, असं शेवटपर्यंत. चष्मा काढून पदरानं बराच वेळ पुसला.

पुढच्या सोमवारी सकाळी मी खिचडी परतत होते. ताई आंघोळ करून आल्या आणि माझ्यामागे उभ्या राहिल्या.

"वहिनी, आजपासून जरा जास्त करा. दोघांपुरती."

"बरं."

त्या जायला वळल्या, पुन्हा आल्या.

"आणि दाण्याचं कूट अगदी बारीक करा हं. त्यांना दात नाहीत."