शुद्धिपत्रकासह छापावे

"आजोबा तुमचे आहेत सर, पत्रक सरकारचं आहे," उत्कर्षा आगाशे म्हणाल्या आणि त्यांनी हस्तलिखिताचं पान एकशे बारा कोंडीराम हिंगण्यांच्या पुढ्यात सरकवलं.

कोंडीराम हडपसरचे, महापालिकेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. आता जिथे तीन सोसायट्या उभ्या आहेत त्या आपल्या मळ्याचा इतिहास त्यांनी चार वर्षं खपून लिहिला होता आणि सदाशिव पेठेतल्या या प्रकाशिका तो छापणार होत्या. पुस्तकातलं सगळ्यात मोठं प्रकरण होतं ‘फ्लॉवरसम्राट सोनबा’. पानं बावीस. १९५७ सालच्या जिल्हा पीक स्पर्धेत कोंडीरामांच्या आजोबांचा साडेसहा शेरांचा फ्लॉवर पहिला आला होता. त्याचं छापील सरकारी पत्रक पुस्तकात जसंच्या तसं द्यायचं होतं.

"पण मॅडम, सरकार कशाला हरकत घेईल?"

"मागच्या वर्षी एका नकाशासाठी मला नोटीस आली होती. तेव्हापासून मी सरकारच्या वतीनं विचार करत नाही. परवानगी आणा."

"आणि नाहीच मिळाली तर?"

"तर पत्रक काढा. नुसतं लिहा, पहिला आला म्हणून."

नुसतं लिहून चालणारच नव्हतं. शेजारच्या मळ्याचे पोपटराव होते ना! पूर्वी दोघांच्या जमिनी बांधाला बांध होत्या, आता पार्किंगला पार्किंग होतं. पोपटराव लहानपणापासून एकच वाक्य ऐकवत आले होते, "तुझ्या आज्यानं जन्मात खुरपं हातात धरलं नाय, त्यो काय फ्लावर काढतोय!" त्यांचं तोंड बंद करायला पत्रकच हवं होतं.

दुसऱ्या दिवशी कोंडीराम शेतीखात्याच्या एका कार्यालयात गेले. तिथला दिग्विजय नावाचा तरुण लिपिक भलताच अगत्याचा निघाला. त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं आणि पत्रकाची झेरॉक्स उजेडाकडे धरून पाहिली.

"काका, सत्तावन्न सालचं छापील पत्रक. साठ वर्षं उलटून गेली, कॉपीराइट संपला. परवानगी लागतच नाही. बिनधास्त छापा."

कोंडीरामांना त्याला मिठी मारावीशी वाटली. "मग तेवढं लिहून द्या."

"काय लिहून देऊ?"

"परवानगी लागत नाही म्हणून."

"जी लागत नाही ती कशी देणार?" दिग्विजय खरोखरच अडचणीत सापडला. "लागत असती तर दिली असती, काका."

कोंडीराम पुन्हा सदाशिव पेठेत. उत्कर्षाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "छान मुलगा दिसतोय. त्याची सही कुठाय?"

कोंडीराम पुन्हा दिग्विजयकडे. या खेपेला त्यानेच युक्ती काढली. "तुम्ही परवानगीचा रीतसर अर्ज करा. अर्ज आला की उत्तर द्यावंच लागतं. उत्तरात आम्ही लिहू, की गरज नाही. फक्त अर्जाला मूळ पत्रकाची साक्षांकित प्रत जोडा. तुमची झेरॉक्स ज्या प्रतीची आहे ती खालून वाळवीनं खाल्लेली आहे."

"मूळ पत्रक कुठं मिळेल?"

"आमच्याच रेकॉर्ड रूममध्ये. त्यासाठी वेगळा अर्ज."

तो अर्जही झाला. मग अर्जातला ‘फ्लॉवर’ शब्द खोडून ‘फुलकोबी’ करावा लागला, कारण रेकॉर्ड रूमच्या यादीत फ्लॉवर नावाचं पीकच नव्हतं. गठ्ठे उपसायला तीन आठवडे लागले. इकडे हॉल ठरला होता, पत्रिका वाटून झाल्या होत्या आणि मुखपृष्ठावर सोनबाचा फेटेवाला फोटो चढला होता. सकाळी फिरायला निघालं की पोपटराव गेटवर उभेच. "काय कोंडीराम, घावला का कागद? का सरकारबी नाय म्हनतंय?"

प्रकाशनाला आठ दिवस उरले असताना दिग्विजयचा फोन आला. "काका, अभिनंदन! पत्र तयार आहे. वर सहीपण झाली."

कोंडीरामांनी पत्र कार्यालयाच्या जिन्यातच उघडलं. ‘सदर पत्रक प्रकाशित होऊन साठ वर्षांहून अधिक काळ लोटल्याने परवानगीची आवश्यकता नाही. तथापि, पत्रक छापावयाचे झाल्यास ते सोबतच्या शुद्धिपत्रकासह संपूर्ण छापणे उचित होईल.’

सोबतचं शुद्धिपत्रक? त्यांनी पान उलटलं. एकच ओळ होती. ‘फुलकोबी गट, प्रथम क्रमांक : श्री. सोनबा हिंगणे याऐवजी सौ. शकू सोनबा हिंगणे असे वाचावे.’

ते जिन्यातच बसले. बावीस पानं त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. सोनबा पहाटे उठायचे, सोनबा मोटेचं पाणी धरायचे, सोनबा गड्ड्यावर मायेनं पानं झाकायचे. यातलं काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. बक्षीस मिळालं म्हणजे हे सगळं केलंच असणार, असं धरून लिहून टाकलं होतं.

दिग्विजयने हळूच सुचवलं, "काका, ‘उचित होईल’ म्हटलंय. सक्ती नाहीये. नाही छापलंत तर बघायला कोण येतंय?"

घरी त्यांच्या पत्नी विमलाबाईंनी पत्र दोनदा वाचलं आणि पदर तोंडाला लावून इतक्या हसल्या, की कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या.

"हसू नकोस. काय करू सांग."

"अहो, काय करायचं काय त्यात? केलं सासूबाईंच्या सासूबाईंनी आणि तुम्ही बावीस पानं लिहिलीत आजोबांवर. आता आजीवर लिहा."

कोंडीरामांनी रात्रभर विचार केला नाही, तासभर केला, आणि मग ते उठून गेटवर गेले. पोपटरावांना त्यांनी पत्र वाचून दाखवलं. ते जिंकल्याच्या आनंदात ओरडतील अशी मनाची तयारी केली होती. पोपटरावांनी मात्र पत्र हातात घेऊन पुन्हा पाहिलं.

"माझा बा सांगायचा," ते म्हणाले, "सोनबातात्या चावडीवर पत्ते कुटायचा अन् शकूमामी एकटी पानी धरायची. आमी आपलं निम्मंच सांगत बसलो. मामीचं नाव कुनीच घेतलं नाय बघ."

उत्कर्षाबाईंनी बातमी शांतपणे घेतली. "सोपं आहे. कॉम्प्युटरवर सोनबाच्या जागी शकू करून टाकते." त्यांनी केलंही. पहिलंच वाक्य झालं, ‘शकू मिशीला पीळ देत पहाटे चार वाजता उठायचे.’ मग लेखक आणि प्रकाशिका तीन दिवस शेजारीशेजारी बसून धोतरं, फेटे आणि मिशा वेचून काढत राहिले. बावीस पानांची चौदा झाली. उत्कर्षाबाईंनी शेवटचं पान वाचून चष्मा काढला. "आता बरं झालंय," त्या म्हणाल्या. त्यांच्या प्रकाशनाच्या इतिहासात एवढं कौतुक याआधी कुणाचं झालं नव्हतं.

प्रकाशनाला हॉल भरला. दिग्विजय पहिल्या रांगेत होता, शेजारी पोपटराव नव्या टोपीत. पुस्तक उघडलं की एका पानावर पत्रक, समोरच्या पानावर शुद्धिपत्रक. प्रकाशन करायला कोंडीरामांनी सासवडहून आपल्या वेणूआत्याला आणलं होतं. शकूची लेक, वय चौऱ्याऐंशी. इतकी वर्षं पुस्तक लिहिताना आत्याला काही विचारावं हे त्यांना सुचलंच नव्हतं. पण निदान तिच्या हातून फीत तरी सोडवावी.

वेणूबाईंनी फीत सोडली, पान डोळ्यांजवळ नेलं आणि आईचं नाव बोटानं वाचलं. विमलाबाईंनी डोळे पुसले.

"लई ग्वाड केलंस, कोंड्या," वेणूबाई माइकमध्ये म्हणाल्या. "आईचं नाव आलं. तवा मी सोळा वर्साची, म्या सवता गड्डा डोईवर घेऊन गेल्ते." टाळ्या पडल्या. त्यांनी हात वर करून त्या थांबवल्या. "पर त्यो फ्लावर नव्हता रं. कोबी व्हता."

कोंडीरामांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. दिग्विजय खाली वाकून, कुणाचा धक्का लागू न देता, वड्यांच्या टेबलाकडे सरकत होता.