अर्जदाराच्या मागे कोण?

माहितीच्या अधिकाराबाबत ग्रामीण जनता अज्ञानात आहे, असं वरून कळवण्यात आल्यामुळे तिला जागृत करणं क्रमप्राप्त झालं. तुळजापूरचे निवृत्त मुख्याध्यापक दत्तोपंत या कामी नेमले गेले. पंतांची कायद्यावर श्रद्धा होती आणि स्वतःच्या भाषणावर त्याहून थोडी जास्त. तेरणेकाठच्या एका गावात, मारुतीच्या पारावर त्यांनी आवाज चढवला, "सरकार तुमचं आहे, त्याचे कागदही तुमचेच. काहीही विचारा. का विचारता, हे कार्यालय तुम्हाला विचारूच शकत नाही!"

गावानं टाळ्या वाजवल्या, कारण चहा टाळ्यांनंतर होता. हात वर केला तो एकट्या धुरपदाबाईंनी. त्यांच्या सुनेला, निकिताला, आठवा सरत आला होता आणि गावातल्या आरोग्य उपकेंद्राला सदा कुलूप.

"गुरुजी, सिस्टरबाई कंच्या दिवशी येत्यात, तेवढं कळंल का?"

पंतांना भरून आलं. इतका स्वच्छ प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. त्यांनी तिथंच अर्ज लिहून दिला.

दुसऱ्या दिवशी बाईंनी तो तालुक्याला नेऊन दिला. उत्तरासाठी कायद्यानं महिना दिला होता. अर्जदाराची माहिती मात्र आवक कारकुनानं फोनवरून इतक्या तत्परतेनं पुरवली, की बाई काळीपिवळीतून उतरायच्या आत ती गावात पोचली होती. कार्यालयानं हेतू विचारला नाही, कायदा काटेकोर पाळला. हेतू विचारायचं काम गावानं हाती घेतलं.

सरपंच बलभीम दारात येऊन बसले. "काकू, माझ्याविरुद्ध उभं ऱ्हायचंय तर सरळ सांगा की."

विरोधकांची खात्री झाली, की बाईंना सरपंचांनीच पुढं केलंय. थोरले दीर कोंडीराम कपाळाला हात लावून म्हणाले, "आपल्या घराण्यात आजवर कुणी सरकारला काय इचारलंय का? लई बेअब्रू झाली." किराणावाल्या ईरण्णानं तर निकिताचे वडील कोणत्या पक्षाचे, इथवर छडा लावला. अखेर विशेष ग्रामसभा भरली. विषय एकच, अर्जदाराचा हेतू. सिस्टरबाईंचं नावही कुणी काढलं नाही, कारण तो विषय पत्रिकेवर नव्हता.

"सुनंचं दिस भरत आल्यात हो," धुरपदाबाई प्रत्येकाला सांगत राहिल्या. "सिस्टर हाय का न्हाय, तेवढंच पायजे."

इतकं साधं कारण कुणाला पटेना. बाई काहीतरी दडवतायत, यावर दोन्ही पार्ट्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

उत्तर मुदतीत आलं. "मागितलेली माहिती हजेरीपटात नमूद आहे. हजेरीपट उपकेंद्रात आहे. सिस्टर उपस्थित असताना समक्ष येऊन पाहावा."

निकिताला कळा सुरू झाल्या, तेव्हा बाईंनी आधी उपकेंद्राचं कुलूप हलवून पाहिलं आणि मग जीप बोलावली. पोरगी वाटेतच झाली, रस्त्याच्या कडेला, साडीच्या आडोशाला. मायलेकी दोघी वाचल्या. त्यात कुठल्याही खात्याचा हात नव्हता.

अर्जाला वेळेत उत्तर मिळालं, म्हणून हे प्रकरण वर यशोगाथा ठरलं. ती लिहून घ्यायला पंत पुन्हा गावात आले. बाई नातीला मांडीवर घेऊन शेकत बसल्या होत्या. पंतांनी आसपास कुणी नाहीसं पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"धुरपदाबाई, हे आपलं आपल्यात. तुमच्या मागे नेमकं आहे तरी कोण?"

बाईंनी नातीचं टोपरं सारखं केलं. "माझ्या मागं कुणी असतं गुरुजी, तर ही रस्त्यावर झाली असती व्हय?"

पंतांना हे उत्तर समाधानकारक वाटलं नाही. बाई भलतीच पोचलेली आहे, असं त्यांनी परतीच्या वाटेवर शेजारच्या प्रवाशाला विश्वासात घेऊन सांगितलं. त्यानं मान डोलावली आणि बाई कोणत्या जातीची, ते विचारलं.

हसताय? हसा. परवा तुमच्या कॉलनीत एकानं नळाला पाणी कधी सुटणार, असं चार लोकांत विचारलं. तेव्हा 'याला कुणी फूस लावली?' असं पहिल्यांदा कोण पुटपुटलं, ही माहितीसुद्धा उपलब्ध आहे. अजून कुणी मागितलेली नाही, एवढंच.